दुसऱ्या गिअरचं गणित: मॅन्युअल स्पोर्ट्स कारची मजा रस्त्यावर कुठली, ट्रॅकवर कुठली?

ठाण्यातल्या कासारवडवलीच्या आमच्या सोसायटीत अलीकडे जी नवी गाडी येते ती बहुधा ऑटोमॅटिकच असते. मी मात्र क्लचवाली घेतली. दीड लिटरचं टर्बो इंजिन, १५० हॉर्सपॉवर, हाताने टाकायचे सहा गिअर. गाडी आली त्या संध्याकाळी शेजारचे काका पेढा तोंडात टाकून गाडीभोवती एक फेरी मारून आले, खिडकीतून आत डोकावले आणि म्हणाले, "अरे, माजिवड्यापासून घरापर्यंत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत यायचं. त्यात एवढी पळणारी गाडी, तीही हाताने गिअर टाकायची! ही मजा करायची कुठे?"

प्रश्न रास्त आहे आणि तो एकट्या काकांचा नाही. दुसरीकडे, नवी मुंबईत पाम बीच रोडवर मध्यरात्री गाड्या पळवणारी पोरं आहेत. त्यांच्या अपघातांच्या बातम्या अधूनमधून येतातच. काकांना वाटतं, वेग मिळणार नाही म्हणजे मजा नाही. त्या पोरांना वाटतं, वेग घेतला की झाली मजा. स्पोर्ट्स कार म्हणजे वेग, ही समजूत दोघांचीही आहे, आणि माझ्या मते घोळ तिथेच आहे. तो सोडवायचा तर अगदी मुळापासून, म्हणजे गिअरपासून सुरुवात करावी लागेल.

गिअर लागतात कशाला?

गिअरची सायकल चालवली असेल तर निम्मा विषय तुम्हाला आधीच कळलेला आहे. चढावर आपण हलका गिअर टाकतो. पाय भरभर फिरतात, सायकल हळू चढते. सपाटीला जड गिअर टाकतो. पाय सावकाश, सायकल जोरात. पायांना झेपेल ती चाल तशीच ठेवायची आणि चाकाचा वेग बदलायचा, एवढंच काम गिअर करतो.

इंजिनालाही झेपेल अशी एक चाल असते. ती आरपीएममध्ये मोजतात, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा मिनिटाला किती वेळा फिरला ते. साधारण पेट्रोल इंजिन ८०० च्या बरंच खाली गेलं की आचके देत बंद पडतं आणि सहा-साडेसहा हजारांवर त्याचा दम संपतो. चाकाची गोष्ट वेगळी. सिग्नलला ते शून्यावर असतं. चाकाचा घेर दोन मीटर धरला तर ताशी १०० किलोमीटरलाही ते मिनिटाला ८३३ वेळाच फिरतं. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही, म्हणून मध्ये दुभाषी लागतो. तो गिअरबॉक्स.

पहिल्या गिअरमध्ये इंजिन साधारण १४ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं. जोर भरपूर, वेग कमी. दुसऱ्यात हाच आकडा आठच्या आसपास येतो, तिसऱ्यात साडेपाचच्या जरा खाली, आणि शेवटच्या गिअरमध्ये तीनच्या आसपास. गाडीगणिक हे थोडे बदलतात, पण पुढचं सगळं गणित या आकड्यांवर आहे.

क्लच आणि चालती लोकल

इंजिन आणि गिअरबॉक्स यांची गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची सोय म्हणजे क्लच. पेडल दाबलं की गाठ सुटली, सोडलं की बांधली. अडचण अशी की गाठ सुटल्यावर दोन्ही बाजू आपापल्या वेगाने फिरायला लागतात. समजा, तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ५० ने चालला आहात. इंजिन सव्वादोन हजारांवर आहे. समोर चढ आला, दुसरा टाकायचा आहे. त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन तेहेतीसशेवर हवं. क्लच दाबून दुसरा टाकला आणि सरळ सोडून दिला, तर मंदावलेल्या इंजिनाला चाकं एकदम खेचून वर नेतात. गाडीला हिसका बसतो आणि आतल्या सगळ्यांच्या माना पुढे जातात.

ठाण्याच्या फलाटावर लोकल पुरती थांबायच्या आत उतरणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. तसं उतरू नये, जीव जातो. पण काय होतं ते आठवा. सराईत माणूस फलाटावर पाय ठेवताच गाडीच्या दिशेने चार पावलं पळतो आणि सावरतो. नवखा जागच्या जागी पाय रोवतो आणि आपटतो. फरक फक्त वेग जुळवण्याचा. गाडीतही तेच करायचं. क्लच दाबलेला असतानाच उजव्या पायाने थोडी रेस द्यायची, इंजिन तेहेतीसशेच्या आसपास आणायचं आणि मग क्लच सोडायचा. दोन्ही बाजू एकाच वेगाने फिरत असतात, त्यामुळे गाठ बांधली गेल्याचं कळतही नाही. याला रेव्ह-मॅचिंग म्हणतात.

मला हे माझ्या मामाने शिकवलं. त्याची काळी-पिवळी पद्मिनी होती, गिअरचा दांडा स्टिअरिंगला चिकटलेला. रविवारी तो मला पुढे बसवायचा आणि मागच्या सीटवर आजी. "मीटरकडे काय बघतोस? कान दे, गाडी सांगते," एवढाच धडा. मी गिअर टाकला की मामा माझ्याकडे बघायचाच नाही. तो आरशात आजीची मान बघायचा. मान हलली की म्हणायचा, "चुकला." ज्या दिवशी कोलशेतच्या रस्त्यावर तीन गिअर लागोपाठ पडले आणि आजीची मान हलली नाही, त्या दिवशी आमचा वेग ताशी ४० सुद्धा नव्हता. इतकी वर्षं झाली, तो आनंद मला अजून हाताच्या तळव्यात जाणवतो.

ताशी ४० ला. हा आकडा पुढे वाचताना डोक्यात असू द्या.

स्पोर्ट्स कार कशाला म्हणायचं?

ताकदवान गाडी म्हणजे स्पोर्ट्स कार, असं सर्रास धरलं जातं. माझी कसोटी वेगळी आहे. हलकी, बुटकी, स्टिअरिंग वळवताच वळणारी आणि रस्त्याची खबर हाताला देणारी गाडी, ती स्पोर्ट्स कार. जपानच्या माझदा कंपनीने १९८९ मध्ये एमएक्स-५ नावाची दोन माणसांची छोटी गाडी काढली. पहिली एमएक्स-५ जेमतेम हजार किलोची होती आणि ताकद आजच्या एखाद्या चांगल्या हॅचबॅकएवढीच. तरी २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या. तिच्या कर्त्यांनी डोळ्यांसमोर ठेवलेला शब्द होता 'जिनबा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. घोडा किती पळतो याला त्यात दुसरं स्थान आहे. लगामाला तो कसा प्रतिसाद देतो याला पहिलं.

ती गाडी आपल्याकडे मिळत नाही. दोन माणसांच्या मॅन्युअल स्पोर्ट्स कार भारतात मोजक्याच आणि आवाक्याबाहेरच्या. आपल्याकडच्या शौकिनांनी ही हौस साध्या दिसणाऱ्या गाड्यांवर भागवली. २००० च्या सुमाराची होंडा सिटी व्हीटेक, फियाट पालिओ १.६, हल्लीची आय२० एन लाइन किंवा अल्ट्रोझ रेसर. यातली एकही बघून रस्त्यावर कोणी मान वळवणार नाही. चालवणाऱ्याला मात्र कळतं.

दुसऱ्या गिअरचं गणित

आता मघाचे आकडे बाहेर काढा. इंजिन सहा हजारांपर्यंत नेलं तर पहिला गिअर साधारण ताशी ५० ला संपतो, दुसरा ९० ला, तिसरा १३० च्या पुढे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये शहराच्या हद्दीत कारसाठी ठरवलेली वरची मर्यादा आहे ताशी ७०. स्थानिक फलक त्याहून कमी सांगत असेल तर तो पाळायचा. म्हणजे ठाण्यात किंवा नवी मुंबईत, कायदा पाळून, माझ्या गाडीचा पहिला गिअर पूर्ण वापरता येतो आणि दुसरा तीन-चतुर्थांश. पुढचे चार नुसते गाडी शांत चालावी म्हणून.

याच जागी ४०० हॉर्सपॉवरची गाडी ठेवून बघा. ताकद जास्त म्हणून तिचे गिअर लांब बनवलेले असतात. काही गाड्यांत दुसरा गिअरच ताशी १२० ओलांडतो. पोर्शची केमन जीटी४ ही मॅन्युअल गाडी शौकिनांना फार प्रिय, पण तिच्याबद्दलची जगभरची तक्रार हीच की दुसऱ्या गिअरमध्येच कायद्याची मर्यादा संपते. पातलीपाड्याच्या सिग्नलवरून अशी गाडी सोडली तर तीन-साडेतीन सेकंदांत ७० होतात. एक गिअर बदलायला मिळाला तर मिळाला. मग पुढच्या सिग्नलपर्यंत पाय आवरून बसायचं. रस्त्यावर ती गाडी म्हणजे बंद कोठीतला घोडा आहे. मालकालाही चैन नाही आणि घोड्यालाही.

उलट ऐंशी-नव्वद हॉर्सपॉवरची हलकी गाडी घ्या. ७० गाठायला तिला सात-आठ सेकंद लागतात. त्यात पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा असे दोन बदल येतात, इंजिनाला चांगलं पाच-साडेपाच हजारांपर्यंत गाता येतं, आणि हे सगळं कायद्यात राहून. घरात आमची दुसरी गाडी अशीच आहे, बायकोची. खरं सांगायचं तर शहरात मला तीच जास्त आवडते. मोठ्या इंजिनाची गाडी घ्यायला निघालेल्या मित्रांना मी हे कळकळीने सांगतो आणि बहुतेक जण ऐकत नाहीत.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सगळ्यात वेगवान रस्त्यावर मॅन्युअलची मजा सगळ्यात कमी असते. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाला आणि तो थेट आपल्या ठाणे जिल्ह्यात, आमण्यापर्यंत आला. कारला ताशी १२० ची मुभा. एकदा सहावा टाकला की तासन् तास डावा हात मांडीवर. अटल सेतूवर ताशी १०० ची मर्यादा, जवळपास २२ किलोमीटर, तिथेही तेच. प्रवास सुखाचा होतो, पण हातापायांना करायला काही नसतं. मॅन्युअलचा आनंद बदलांत आहे, बदल नेमका साधण्यात आहे. गाण्यातला विलंबित ऐकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. लय जितकी संथ, तितकी समेवर येण्याची कसोटी जास्त.

"पण ऑटोमॅटिकच जास्त वेगवान असते ना?"

असते. याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. आजच्या ड्युअल-क्लच गाड्यांत नावाप्रमाणे दोन क्लच असतात. एका क्लचवर पहिला, तिसरा, पाचवा. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हाच चौथा तयार करून ठेवलेला असतो; एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो. डोळ्याची पापणी लवेपर्यंत बदल झालेला असतो आणि चाकांकडे जाणारा जोर जवळजवळ तुटतच नाही. माणसाच्या हाताला हे शक्य नाही.

शर्यतीच्या दुनियेने हे फार पूर्वी मान्य केलं. १९८९ मध्ये ब्राझीलच्या शर्यतीत फेरारीने स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी गाडी उतरवली आणि नायजेल मॅन्सेलने ती पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखवली. पुढच्या काही वर्षांत फॉर्म्युला वनमधून गिअरचा दांडा नाहीसा झाला. तेव्हा घड्याळावर एक सेकंद वाचवणं हे ध्येय असेल, तर ट्रॅकवर ऑटोमॅटिक घेऊन जा. लोकांना उलटं वाटतं: मॅन्युअल ट्रॅकसाठी, ऑटोमॅटिक रस्त्यासाठी. मला विचाराल तर दांड्याचं खरं घर आज रस्ता आहे आणि ताकदीचं घर ट्रॅक.

मग ट्रॅकवर काय मिळतं?

ट्रॅकवर गाडीची आणि आपली हद्द कळते, आणि ती कळून घेताना समोरून रिक्षा येत नाही.

आपल्या देशात मोठे ट्रॅक थोडे. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ३.७ किलोमीटरचा, १२ वळणांचा. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटर. ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट, ५.१२५ किलोमीटर, जिथे २०११ ते २०१३ अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. ठाण्याहून यातला कुठलाही हजार किलोमीटरच्या पुढेच. तिथे शौकिनांसाठी अधूनमधून ट्रॅक डे भरतात: पैसे भरायचे, गाडीची तपासणी करून घ्यायची, हेल्मेट घालायचं आणि ठरलेल्या वेळात फेऱ्या मारायच्या. सगळ्यांच्या गाड्या एकाच दिशेने जातात. ओव्हरटेक कुठे करायचं ते ठरलेलं असतं. झेंडे घेऊन माणसं उभी असतात, अँब्युलन्स उभी असते. वळण चुकलं तर बाहेर मोकळी जागा असते; तिथे भिंत, झाड किंवा पाणीपुरीची गाडी नसते.

आणि तेच वळण परत येतं. दोन-अडीच मिनिटांत पुन्हा तेच. रस्त्यावर कुठलंही वळण लागोपाठ वीस वेळा घेता येत नाही, म्हणून चूक नेमकी कुठे झाली ते कळत नाही. ट्रॅकवर ते कळतं. टायरची पकड किती आणि ती कशी वाटायची हे तिथे अंगात मुरतं. पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. टायरचा जमिनीला टेकलेला भाग फक्त तळहाताएवढा, त्यामुळे पगार बेताचाच. त्यातला वळण्यावर खर्च केला तेवढा ब्रेकला उरत नाही. वळणाच्या आधी सरळ रेषेत ब्रेक दाबून घ्यायचा, मग वळायचं, मग रेस द्यायची, हा क्रम त्यातूनच आलेला आहे. ब्रेक दाबलेला असतानाच त्याच पायाच्या कडेने रेस देऊन खालचा गिअर टाकायचा, याला हील-अँड-टो म्हणतात. ते शिकायची जागाही ट्रॅकच. गर्दीच्या रस्त्यावर ब्रेकवरचा पाय प्रयोगाला नसावा.

ट्रॅक गाडीकडून किती वसूल करतो याचा अंदाज एका हिशोबाने येईल. १२०० किलोची गाडी ताशी ५० वरून थांबवली तर ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते तिच्यावर दोन कप चहाच्या पाण्याला उकळी येईल. तीच गाडी ट्रॅकवर १४० वरून ६० वर आणली तर अडीच लिटर पाण्याला उकळी येईल. एका ब्रेकला अडीच लिटर, आणि असे ब्रेक फेरीत अनेक वेळा. ही उष्णता डिस्कमधून ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; पण ते हवेतली आर्द्रता शोषतं, आणि पुरेसं पाणी मुरलं की हाच आकडा १५५ वर येऊ शकतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत दोन-तीन वर्षं तसंच राहिलेलं ऑइल कसं असेल याची कल्पना करा.

मी करायची ती कल्पना केली नाही. पहिल्या ट्रॅक डेला माझ्या आधीच्या गाडीत जुनंच ऑइल होतं. चौथ्या फेरीत ब्रेक पेडल स्पंजासारखं मऊ झालं आणि नेहमीपेक्षा बोटभर खाली गेलं. ऑइलात वाफेचे बुडबुडे झाले होते. बुडबुडा दाबला जातो, ऑइल दाबलं जात नाही; त्यामुळे पाय खाली जातो आणि ब्रेक लागत नाही. सरळ रस्ता बराच उरला होता, पुढेमागे कोणी नव्हतं. मी वेग सोडून दिला, हात वर करून इशारा केला आणि हळूहळू बाहेर आलो. गुडघे थरथरत होते. हेच रस्त्यावर झालं असतं तर, हा विचार मी अजून पुरता करू शकत नाही.

मॅन्युअलचा एक धोका ट्रॅकवर खास असतो. घाईत तिसऱ्याऐवजी पहिला पडणं. ताशी १०० ला पहिला गिअर बसला आणि क्लच सोडला, तर हिशोबाने इंजिनाला साडेअकरा हजारांवर फिरावं लागेल. इंजिन जास्त फिरू नये म्हणून जी यंत्रणा असते ती पेट्रोल तोडते. पण इथे पेट्रोल इंजिनाला फिरवतच नसतं, चाकं फिरवत असतात. व्हॉल्व्ह वाकतात, इंजिन जातं. मी पाहिलेलं आहे, आवाज विसरता येत नाही.

"रात्री दोनला पाम बीच रिकामाच असतो"

हे मला किमान डझनभर तरुणांनी सांगितलंय, म्हणून याचं उत्तर नीट देतो.

पाम बीच रोड वाशीपासून बेलापूरपर्यंत जवळपास दहा किलोमीटर. रुंद, बराचसा सरळ, एका बाजूला खारफुटी. मोह होतो, हे मला मान्य आहे. आता मोजा. अचानक काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी ६० ला त्या दीड सेकंदात २५ मीटर जातात आणि ब्रेक लागल्यावर आणखी १८. एकूण ४३. ताशी १२० ला ते ५० आणि ७१ होतात, म्हणजे १२१ मीटर. वेग दुप्पट, अंतर जवळपास तिप्पट. गाडीच्या लो बीमचा उजेड धडपणे याच्या निम्म्यापर्यंतच पोचतो. म्हणजे जे दिसेल त्याच्या आत थांबता येणार नाही, अशा वेगाने तुम्ही अंधारात जात आहात. गाडी कितीही चांगली असली, हात कितीही तयार असला, तरी हे गणित बदलत नाही.

आणि रस्ता रिकामा नसतो. पाळी सुटलेला वॉचमन असतो. पहाटे झाडायला येणाऱ्या बायका असतात. चार वाजल्यापासून सायकलवाले असतात. कुत्री असतात, खारफुटीतले कोल्हेसुद्धा असतात. तुम्हाला दिसत नाहीत, एवढंच.

पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यत ज्या धावपट्टीवर होते तिला घाट म्हणतात. बैल कितीही उधळलेले असोत, शर्यतीला ते घाटातच जुंपतात. गावाच्या बाजारपेठेतून गाडा पळवायचं कोणाच्या मनात येत नाही. शर्यतीची हौस आपल्या मातीत जुनी आहे आणि तिला वेगळी जागा लागते ही समजही तितकीच जुनी.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बेदरकार चालवण्याचं कलम १८४ वेगळं.

विम्याचं फार कमी लोकांना ठाऊक असतं. खासगी कारच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा भाग असतो. आयोजित शर्यती, वेगाच्या चाचण्या यांसाठीचा वापर त्यात वगळलेला असतो. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च आपल्या खिशातून, असं धरूनच जावं. मी ज्या दिवशी गाडीचं नुकसान सोसू शकणार नाही, त्या दिवशी ट्रॅकवर जाणार नाही, असं ठरवूनच जातो.

"आणि ट्रॅफिकमध्ये पाय दुखतो त्याचं काय?"

दुखतो. कापूरबावडीला पाऊण तास अडकलं की दुखतोच. ज्यांचा गुडघा कुरकुरतो, ज्यांना रोज अंधेरीला जायचं आहे, त्यांनी ऑटोमॅटिक घ्यावी. त्यात कमीपणा कसला?

बाकीच्यांचा निम्मा त्रास सवयीचा असतो. सिग्नलला गाडी गिअरमध्ये ठेवून क्लच दाबून बसू नका. न्यूट्रल करा, पाय बाजूला ठेवा. पुढच्या गाडीला चिकटत चिकटत जाण्यापेक्षा थोडी जागा होऊ द्या आणि मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून एका दमात सरका. चढावर गाडी हाफ क्लचवर तोलून धरू नका. क्लच प्लेट घासते आणि थोड्या वेळाने तो जळका वास येतो. हँडब्रेक त्यासाठीच दिलेला आहे.

खड्डे आणि गतिरोधकांचं दुखणं मात्र खरं आहे आणि त्याला माझ्याकडे उपाय नाही. नियमाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी त्यावरून तरंगत गेली पाहिजे. घोडबंदर रोडच्या सेवारस्त्यावरचे कित्येक गतिरोधक रुंदीला याच्या पावही नसतात. बुटक्या गाडीचं पोट त्यावर घासलं की काळजात चर्र होतं. पहिल्या पावसात त्याच रस्त्यावर धूळ आणि तेल मिसळून जो लेप तयार होतो, त्यावर तर कुठल्याच गाडीची हौस करू नये.

काकांना दिलेलं उत्तर

मला गाडी चालवायला आवडते ती रविवारी पहाटे, कल्याण-मुरबाड मार्गे माळशेजकडे. टोकावड्यापर्यंत उजाडलेलं असतं. पुढे घाट लागतो, वळणं येतात, आणि वेग ताशी ३० ते ५० च्या वर जात नाही, जाऊही नये. दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा. मामाची हौस जशीच्या तशी इथे भेटते.

उतरताना तर दांडा शौकाचा राहत नाही, कामाचा होतो. घाटात गाडी चालवलेल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम आहे: ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. खालच्या गिअरमध्ये रेस सोडली की आधुनिक इंजिन पेट्रोल घेणं बंद करतं आणि चाकं त्याला फिरवत राहतात. ते फिरवण्यात जोर खर्ची पडतो आणि गाडी आपोआप आवरते. ब्रेक थंड राहतो, मघाच्या बुडबुड्यांची वेळ येत नाही. पैसे वाचतील म्हणून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे लोक हेच गमावतात.

मागच्या महिन्यात काका-काकूंना सोबत नेलं. काका पुढे, काकू मागे. मुरबाडला चहा झाल्यावर काकूंचा डोळा लागला. परतताना घाटातल्या एका उतरत्या वळणाआधी मी ब्रेकने वेग ४० च्या खाली आणला, ब्रेकवरून पाय काढला, क्लच, दांडा मागे, रेसचा हलका ठोका, क्लच वर. इंजिनाचा आवाज एक पट्टी चढला आणि तिथेच राहिला. आरशात काकूंची मान खिडकीला टेकली होती तशीच होती.

काका दांड्यावरच्या माझ्या हाताकडे बघत होते. "आत्ता गिअर टाकलास?" त्यांनी विचारलं.